नोंद नसलेले बावीस कॉल

"सात वाजता सुरू होतं बघा, तोडकर," मुतालिक साहेब म्हणाले. "मिनिटाचा फरक नाही. जो कोणी आहे, तो घड्याळ लावून चालवतोय."

खिंडीतल्या मोबाइल टॉवरच्या पायथ्याशी आम्ही जीप लावली होती. थंडीचे दिवस होते आणि सूर्य डोंगराआड गेला होता. आमचे ड्रायव्हर बाबालाल शिकलगार बॉनेटवर कप मांडून थर्मासातला चहा ओतत होते. साहेबांच्या मांडीवर लहरी हुडकायचं यंत्र होतं, कानाला हेडफोन. मी शेजारी बसून आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन लावत होतो. दुपारपासूनचा हा सातवा प्रयत्न. संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत, असं ती फोनमधली बाई न कंटाळता सांगत होती.

"घरी लावताय?" साहेबांनी विचारलं. "इथंच कुठंतरी ना तुमचं गाव?"

"हो साहेब. खाली दिसतंय ते. काटळवाडी."

"मग काम झालं की भेटून या. वडील एकटेच असतात ना?"

मी मान हलवली. बाबालालमामांनी पुढं केलेला कप घेतला.

आमच्या खात्याचं काम लोकांना सांगून पटत नाही. हवेतल्या लहरी सरकारच्या ताब्यात असतात. कुठल्या कंपनीनं, कुठल्या पट्ट्यात, किती जोरानं बोलायचं ते सरकार ठरवतं आणि तसा परवाना देतं. परवाना नसताना कुणी त्यात घुसलं तर त्याला हुडकून काढायचं, यंत्र जप्त करायचं आणि केस करायची, हे आमचं काम. त्या काळात आमचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे बूस्टर. पाटीएवढा करडा डबा, त्याला एक काटेरी अँटेना छपरावर आणि एक पांढरी पट्टी घरात. छपरावरची अँटेना टॉवरचा आवाज पकडते, डबा तो मोठा करतो आणि पट्टी घरभर पसरवते. रेंज नसलेल्या घरात फोन खणखणीत लागतो. लोकांना वाटतं, यात कुणाचं काय जातंय?

जातं ते असं. छपरावरची अँटेना आणि घरातली पट्टी एकमेकींच्या समोर आल्या, की लग्नाच्या मांडवात माइक भोंग्यासमोर नेल्यावर होतं तसं होतं. डबा किंचाळायला लागतो. माणसाला ते ऐकू येत नाही, पण टॉवरचे कान बधिर होतात. त्या टॉवरवरचे आसपासचे सगळे फोन मुके होतात, आणि गंमत अशी की फोनवर रेंजच्या काड्या मात्र सगळ्या दिसतात. टॉवरचं बोलणं फोनला ऐकू येत असतं, फोनचं टॉवरला जात नाही.

या टॉवरची तक्रार तीन आठवड्यांपासून होती. मी महिनाभर गोव्याच्या ड्यूटीवर होतो. त्या दिवशी सकाळी परत रुजू झालो आणि साहेब म्हणाले, चला. कुठं ते मला जीपमध्ये बसल्यावर कळलं. टॉवरचं नाव ऐकलं आणि मी खिशातला फोन काढून आण्णांना लावला.

कारण काटळवाडीत एक बूस्टर होता, आणि तो मी लावला होता.

झालं असं, की त्या पावसाळ्यात आण्णा रेंजसाठी परसातल्या दगडी गडग्यावर चढले आणि घसरून पडले. फोन हातात, पण खाली रेंज नाही. दोन तास चिखलात पडून होते. आई गेल्यापासून ते एकटेच राहत. शहरात यायला तयार नव्हते. मला झोप लागेना. आणि आमच्या ऑफिसच्या कपाटात तर बूस्टर लोळत पडले होते. जप्त केलेले डबे केस मिटली की हातोड्यानं फोडायचे आणि किती फोडले ते लिहून दोघांनी सह्या करायच्या, अशी पद्धत होती. मी पंधरा फोडले आणि सोळा लिहिले. दुसरी सही करणारे तेव्हा चहाला गेले होते. त्यांनी नंतर न मोजता सही केली.

डब्यावरचा आमचा नंबर मी खरवडून काढला. काटेरी अँटेना मागच्या अंगाला बांबूवर बांधली आणि पट्टी माजघरात, दोन जाड मातीच्या भिंतींच्या आड. तपासून पाहिलं. डबा गप्प होता. मी काही कालचा पोर नव्हतो, हेच काम करून पोट भरत होतो.

"ह्याला हात लावायचा नाही," मी आण्णांना बजावलं. "आणि कुणी विचारलंच तर बेळगावच्या बाजारातनं आणलं म्हणा."

आण्णांनी चष्म्यातून माझ्याकडं पाहिलं. छत्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. "खोटं मी बोलणार नाही," ते म्हणाले. "कुणी विचारलं तर गप्प बसेन."

म्हणून जीपमध्ये बसल्या बसल्या मी मनाला समजावत होतो, की आपला डबा नीट बसवलेला आहे. हा दुसरा कुणीतरी असणार. पण सात वाजता सुरू, साडेआठला बंद, सकाळी पुन्हा तासभर. ही घड्याळाची शिस्त ऐकली आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. असा माणूस त्या खोऱ्यात मला एकच माहीत होता.

सातच्या ठोक्याला साहेबांनी बोट वर केलं. मग हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. सुसाट वाऱ्यासारखा घोंगावणारा आवाज. साहेब खाली उतरले, हातातली अँटेना हळूहळू फिरवू लागले. टॉवरकडं पाठ, मग रस्त्याकडं, मग दरीकडं. यंत्रावरचा आकडा चढत गेला आणि एका दिशेला जाऊन थांबला. त्या दिशेला पंधरावीस दिवे होते.

"तोडकर," साहेब म्हणाले, "तुमच्याच गावात आहे हो."

* * *

उताराचा रस्ता वळणावळणाचा होता. बाबालालमामा सावकाश चालवत होते. साहेब पुढं बसले होते, ते मागं न बघता बोलायला लागले.

"तुम्ही गोव्याला होतात, म्हणून तुम्हाला माहीत नसेल. वरच्या धनगरवाड्यावर एक माणूस गेला. बिरू झोरे. संध्याकाळी गुरं आणायला गेला आणि गव्यानं मांडी फाडली."

"बिरू?" मी म्हणालो. तो आण्णांच्या शाळेत चौथीपर्यंत होता. मला पेरूच्या झाडावर चढायला त्यानं शिकवलं होतं.

"बायको फोन घेऊन बांधावर उभी राहिली. चार काड्या होत्या म्हणते. आता ती एकशेआठची रुग्णवाहिका सुरू झालीय ना, तिला लावत राहिली. सात ते साडेआठ. शेवटी वाड्यावरच्या लोकांनी घोंगडीची झोळी करून खाली आणला. वाटेतच गेला."

बाबालालमामांनी वळणावर गिअर बदलला. मग साहेबच पुढं म्हणाले, "पोलिसांनी कंपनीकडं नोंद मागवली. कंपनीच्या नोंदीत एकही कॉल नाही. नसणारच, टॉवरला ऐकूच गेला नाही तर लिहिणार कोण? पण तिचे दीर म्हणतात, हिनं फोन केलाच नाही, हातपाय गाळून बसली आणि आता खोटं बोलतेय. मी परवा तिचा फोन हातात घेऊन पाहिला. बावीस कॉल आहेत त्यात. दीर म्हणतात, ते नंतर केले असतील. ठकूबाई नाव तिचं. मला म्हणाली, साहेब, मी लावला हुता, एवढं तरी कुणीतर म्हणा."

"या अल्ला," बाबालालमामा पुटपुटले.

"तेव्हा हा डबा मला आजच पाहिजे," साहेब म्हणाले. "रिटायर व्हायला आठ महिने राहिलेत. आत्तापर्यंत ज्वेलर आणि लॉजवाले पकडले. हा पहिला, ज्याला पकडायची मला घाई झालीय."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. जीप थांबवून दोन वाक्यं. मी काचेतून बाहेर पाहत राहिलो.

* * *

यंत्राची गरजच पडली नाही. आमच्या घराच्या पडवीत लग्नघरासारखी गर्दी होती. पंधरावीस माणसं, प्रत्येकाच्या कानाला फोन. कुणी दुबईतल्या मुलाशी बोलत होतं, कुणी पुण्यातल्या लेकीशी. शेजारच्या इंदूकाकी भिंतीला टेकून मोठमोठ्यानं जावयाला झापत होत्या. मधोमध आण्णा खुर्चीवर बसले होते, मनगटावरचं घड्याळ समोर धरून.

"इंदू, तुझी दहा मिनिटं झाली. आता सुभेदारांचा नंबर," ते म्हणाले.

आणि त्यांच्या डोक्यावर, पडवीच्या खांबाला, सुतळीनं बांधलेली ती पांढरी पट्टी होती. माजघरातून उचलून त्यांनी ती डब्यासकट बाहेर आणली होती, सगळ्यांना मिळावी म्हणून. छपराच्या कडेवरून मागची काटेरी अँटेना सरळ तिच्याकडं बघत होती.

मला पाहून आण्णांचा चेहरा फुलला. "अरे, तू? न कळवता? ये की, बस. इंदू, पाणी आण."

"आण्णा, हे आमचे साहेब," मी म्हणालो. 

साहेबांनी आधी नमस्कार केला. मग खांबाकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "तोडकर, हे तुमचं घर?"

"हो साहेब."

"तुम्ही बाजूला उभे राहा. मी बोलतो." ते आण्णांसमोर बाकावर बसले. "गुरुजी, हा डबा कधीपासून चालू आहे?"

"श्रावणापासून. आधी आत होता, घरापुरता. महिना झाला असेल बाहेर काढून. म्हटलं, एकट्यानं काय वापरायचं. लोक गडग्यावर चढतात, एखादा माझ्यासारखा पडेल. सातच्या ठोक्याला मी लावतो आणि साडेआठला बंद. प्रत्येकाला दहा मिनिटं." त्यांच्या बोलण्यात अभिमान होता. शाळेतून निवृत्त झाल्यानंतर इतकी माणसं त्यांच्याभोवती पहिल्यांदाच जमत होती.

मग साहेबांनी सांगितलं. शांतपणे, साध्या शब्दांत, पोरांना सांगावं तसं. डबा काय करतो, टॉवरचं काय होतं, खोऱ्यातले बाकीचे फोन का मुके होतात. "या पडवीतले फोन डब्याच्या जोरावर त्या गोंगाटातनंही पोचतात. बाकीच्यांचे नाही पोचत. त्या दिवशी धनगरवाड्यावरनं बावीस वेळा फोन लावला गेला. एकही पोचला नाही."

पडवीत एकेक फोन कानावरून खाली आला. इंदूकाकी तांब्या घेऊन उंबऱ्यात तशाच उभ्या राहिल्या.

"कुणी लावला?" आण्णांनी विचारलं, पण त्यांना कळलेलं होतं.

"बिरू झोरेच्या बायकोनं."

आण्णा उठले. खांबाजवळ गेले आणि स्वतःच्या हातानं बटण बंद केलं. परत येऊन बसले आणि मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं.

"आत होतं तेव्हा असं होत नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"भिंतीआड होतं तोवर नसावं. बाहेर काढल्यावर सुरू झालं."

"हात लावायचा नाही एवढंच मला सांगितलं होतं," आण्णा म्हणाले. ते माझ्याकडं बघत नव्हते. "का लावायचा नाही, ते नाही सांगितलं. सांगितलं असतं तर मी लावला नसता."

"विकणाऱ्याला काय पडलंय हो गुरुजी," साहेब म्हणाले. "डबा गळ्यात मारला की तो मोकळा. कुठून घेतलात?"

मी खांबाला पाठ लावून उभा होतो. आता आण्णा गप्प बसतील, असं मला वाटलं. त्यांनी तसं सांगितलंच होतं. गप्प बसले असते तर साहेबांनी पुन्हा विचारलं असतं, मग पोलिसांनी विचारलं असतं, आणि कधीतरी कुणीतरी आमच्या कपाटातले डबे मोजले असते. आण्णांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही.

"बेळगावच्या बाजारातनं," ते म्हणाले. "मीच आणला."

"दुकान?"

"रस्त्यावरचा माणूस होता. नाव माहीत नाही."

"यावरचा नंबर खरवडलेला दिसतोय."

"तोही मीच."

छत्तीस वर्षांत ज्यांनी पोराच्या हजेरीतही खोटं टिंब मांडला नव्हता, त्यांनी तीन उत्तरांत तीनदा खोटं सांगितलं आणि साहेबांनी ते लिहून घेतलं. मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगतो, मला तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं.

साहेब सुभेदार आणि इंदूकाकींच्या मालकांना पंच करून पंचनामा लिहायला बसले. मी बांबूवरची अँटेना उतरवायला मागच्या अंगाला गेलो. आण्णा कंदील घेऊन आले. दिवे होते, तरी कंदील का आणला कुणास ठाऊक.

"आण्णा," मी म्हणालो, "मी सांगतो साहेबांना."

"सांग," ते म्हणाले.

नको म्हणतील, असं मला वाटलं होतं. नोकरीचं बघ, तुझ्या पोरीचं बघ, असं काहीतरी म्हणतील आणि मग मी त्यांच्या आग्रहाखातर गप्प राहीन. पण ते नुसते उभे राहिले.

"सांगणार असशील तर आत्ता सांग," ते म्हणाले. "मी सही करायच्या आत. मी तुला तेवढाच वेळ काढून दिलाय."

मी अँटेनाची वायर गुंडाळत राहिलो. कोपरापासून अंगठ्यापर्यंत, एकेक वेढा. वायर पंधरा मीटर होती, पण मी ती फार सावकाश गुंडाळली. ती संपली तेव्हा आतून साहेबांनी हाक मारली, "गुरुजी, सहीला या." आण्णा कंदील घेऊन आत गेले.

परतताना जीपमध्ये डबा माझ्या पायाशी होता. खिंड ओलांडल्यावर साहेब म्हणाले, "तोडकर, तुम्हाला मला काही सांगायचंय?"

"नाही साहेब."

"बरं," ते म्हणाले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

* * *

केस तालुक्याच्या कोर्टात चालली. आण्णांनी पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला. वकील नेमला नाही. मी कोर्टात गेलो नव्हतो. खात्यातल्या माणसानं जाणं बरं दिसत नाही, असं मी त्यांना फोनवर सांगितलं आणि त्यांनी "बरोबर आहे" म्हटलं.

गावानं त्यांना वाळीत वगैरे टाकलं नाही. आताच्या काळात तसं कुणी करत नाही. फक्त पडवीत येणं बंद झालं. त्या पडवीत रोज दहा मिनिटं बोलून गेलेली माणसंच बसस्टॉपवर म्हणू लागली, गुरुजींच्या डब्यानं बिरूला खाल्ला. सव्वीस जानेवारीला शाळेचा झेंडा दरवर्षी त्यांच्या हातनं चढायचा. त्या वर्षी मुख्याध्यापकांनी सरपंचांना बोलावलं. आण्णा धुतलेली टोपी घालून घरीच बसले होते, असं मला इंदूकाकींनी नंतर सांगितलं.

दोन वर्षांनी काटळवाडीच्या वरच्या माळावर सरकारी योजनेतून नवा टॉवर आला. आता माजघरातच काय, न्हाणीघरातही रेंज मिळायला लागली. मी रोज संध्याकाळी फोन करायचो. गोळ्या घेतल्या का, थंडी किती आहे, पोरगी कितवीत गेली. इतका स्वच्छ आवाज यायचा, की त्यांचा श्वासही ऐकू येई. त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही.

मला बढती मिळाली. बेकायदा बूस्टरवर कॉलेजांतून व्याख्यानं द्यायला मला पाठवत, कारण मला बोलता येतं. त्यात एक उदाहरण मी नेहमी द्यायचो. एका खेड्यातल्या निवृत्त शिक्षकानं अजाणतेपणी बेकायदा यंत्र विकत घेतलं आणि एक माणूस प्राणाला मुकला.  मुलं लिहून घ्यायची. हे मी नऊ वर्षं केलं, आणि हे लिहिताना माझा हात थांबतोय, पण केलं ते केलं.

त्या नवव्या वर्षी, आषाढात, आण्णा दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. तिसऱ्या दिवशी भेटायला येणारी माणसं ओसरल्यावर मी पडवीत एकटा बसलो होतो. घोंगडीची खोळ पांघरलेली एक बाई पायऱ्या चढून आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. केस पिकले होते, तरी मी ओळखलं. साहेबांनी पंचनाम्याला जोडलेल्या कागदांत तिचा फोटो होता.

"बसा, ठकूबाई," मी म्हणालो.

"बसत्ये." ती खालीच बसली. "लई चांगलं मरान आलं गुरुजीस्नी. त्रास न्हाई झाला न्हवं?"

"नाही."

"दर म्हैन्याला येत हुतं माज्याकडं. चढ चढून. धापा टाकत. म्हणायचं, ठकू, च्या टाक."

हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या रोजच्या फोनमध्ये गोळ्या होत्या, थंडी होती, धनगरवाडा कधी आला नव्हता.

"पैल्यांदा आलं तवा माज्या दिरांस्नी अंगणात उभं केलं," ती म्हणाली. "म्हणलं, हिनं बावीस बारी फोन लावला, माज्या डब्यानं गिळला. हिला परत खोटी म्हणाल तर माज्याशी गाठ हाय. तवापासनं घरात मला कोन काय बोललं न्हाई. त्येंचं उपकार हायती ते."

मग मात्र माझ्यानं राहवेना. आण्णा गेले होते, आता कुणाला धक्का लागणार नव्हता, आणि असंच सोपं झाल्यावर धीर येणारा मी माणूस आहे. मी सांगितलं. कपाट, हातोडा, पंधरा आणि सोळा, खरवडलेला नंबर, बेळगाव, गुंडाळलेली वायर. सांगताना मी रडलो. ती रडली नाही. ती माझं बोलणं संपायची वाट बघत बसली होती.

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"काय?"

"दुसऱ्या बारीला आलं तवाच सांगितलं गुरुजींनी समदं. एकटीला. म्हणलं, पोराचा डबा हाय. पोलिसात सांगायचं आसंल तर सांग, मी आडवा येणार न्हाई. न्हाई सांगितलंस तर एक कर, त्येची वाट बघ. त्यो सोता यील तुज्याकडं. माजं पोर हाय, म्हैन्याभरात यील."

पडवीच्या पन्हळीतून पाणी पडत होतं. 

"म्हणून मी न्हाई बोलले कुटं," ठकूबाई म्हणाली. "म्हणलं, यील तवा त्येच्या तोंडावर बोलू. मग गुरुजी दर म्हैन्याला येयाचं. च्या हातात घ्यायच्या आदी इचारायचं, आला हुता का गं? मी म्हणायची, न्हाई. मग च्या घ्यायचं."

ती उठली. खोळ डोक्यावर ओढून घेतली आणि पायरी उतरायला लागली.

"ठकूबाई," मी मागून विचारलं, "शेवटचं कधी विचारलं त्यांनी?"

ती थांबली. मागं वळली नाही.

"गेल्या म्हैन्यात," ती म्हणाली.